एकाच गावात तीन आठवडे

सुनंदाताई गेल्याचं मला शाळेच्या बसच्या ग्रुपवरून कळलं. उद्या शोकसभा आहे, मुलं अर्धा तास उशिरा घरी येतील, असा निरोप आणि खाली त्यांचं नाव. मस्कतच्या कुरुम भागातल्या माझ्या ऑफिसात कॉफीचा कप हातात धरून मी तो दोनदा वाचला. गुरुवारीच त्या भाजीच्या दुकानात भेटल्या होत्या. हातात मेथीची जुडी होती. ‘उद्या निवडायला ये, गप्पा होतील,’ म्हणाल्या. मी ‘येते’ म्हटलं आणि गेले नाही. झोपेतच हृदय बंद पडलं, असं नंतर समजलं. त्याला आता सहा आठवडे होतील...

ताई मूळच्या चिपळूणच्या. मस्कतमधल्या एका शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या, वादी कबीर नावाच्या वस्तीत एकट्या राहायच्या. माझी ईरा पाचवीपासून त्यांची विद्यार्थिनी, आणि ईराच्या निमित्ताने मीही त्यांच्या घरची झाले. आम्हा आखातातल्या माणसांची सुटी आमची नसते. जूनमध्ये शाळा बंद झाली की सगळे गावी निघतात, आणि तीस किलोंच्या बॅगेत स्वतःचं असं तीन किलोही नसतं. खजूर, बदाम, दुधाची पावडर, अत्तरं, बाम आणि वर शेजाऱ्यांनी त्यांच्या आईसाठी दिलेलं पार्सल. ताईही वर्षानुवर्षं अशाच गेल्या. मग त्यांची आई वारली, चिपळूणच्या घराला कुलूप लागलं, आणि पुढच्या सुटीत आपण पोलंडला जाणार असं त्यांनी इथल्या मराठी मंडळात जाहीर केलं. कोणीतरी विचारलं, ‘ताई, तिकडे कोण आहे आपलं?’ त्या म्हणाल्या, ‘कोणी नाही, म्हणून तर चाललेय.’

पण जित्याची खोड. बॅग भरायला घेतली आणि वाटायला काहीच न घेता ती बंद करणं त्यांच्याच्याने होईना. म्हणून दोन किलो खजूर, बामच्या सहा बाटल्या आणि दुधाच्या पावडरचा डबा घेऊन बाई युरोपला निघाल्या! पुढचं विमान अगदी स्वस्तातलं, पाठीवरच्या लहान पिशवीपलीकडे त्यात काही चालत नाही, हे त्यांना काउंटरवर कळलं. मग तिथेच बॅग उघडून त्यांनी रांगेतल्या लोकांना खजूर वाटले. एका म्हातारीला बाम दिला, तर ती यांचा हात सोडेना. डबा मात्र बाकावर ठेवून यावा लागला, आणि त्याची हळहळ त्यांना पुढे कित्येक वर्षं पुरली.

नंतर त्या तयार झाल्या. शाळेची सुटी म्हणजे तिकडचा ऐन गर्दीचा हंगाम, त्यामुळे मोठी शहरं त्यांनी पहिल्यापासून टाळली. रेल्वेने दोन तासांवरचं, आपल्याकडे कोणी नावही न ऐकलेलं एखादं गाव शोधायचं, आठ खाटांच्या खोलीतली एक खाट घ्यायची, तिथल्याच सामाईक स्वयंपाकघरात भात शिजवून त्यावर मेतकूट घालायचं आणि तीन आठवडे तिथून हलायचं नाही. आम्ही नवराबायकोने टूर कंपनीबरोबर नऊ दिवसांत सात देश ‘केले’ होते. फोटो हजारावर असतील, पण मला त्यातली गाईडबाईंची पिवळी छत्री तेवढी नीट आठवते. ताईंच्या वह्यांमध्ये प्रसिद्ध असं काही नसायचं. बसथांब्यावरचं बाक, दोरीवरचे कपडे, पावाच्या दुकानाची मागची बाजू... एकच बाक सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढलेलं.

आणि खरी गंमत परत आल्यावर सुरू व्हायची. शुक्रवारी, इथल्या सुटीच्या दिवशी, सकाळी वादी कबीरच्या बंद गॅरेजांसमोर त्या घडीची खुर्ची टाकून बसायच्या. ग्रीसने काळवंडलेली शटरं, त्यामागचे उघडेबोडके डोंगर, टायरच्या ढिगावर वाळत घातलेला कोणाचा तरी सदरा. ‘तिकडे मला कोणी मॅडम म्हणत नाही,’ त्या सांगायच्या. ‘तीन आठवडे नुसतं बघायचं काम. ती नजर इथे दिवाळीपर्यंत टिकते, मग पुन्हा शाळा, परीक्षा, सगळं दिसेनासं होतं.’ मला हे तेव्हा थोडं नाटकी वाटायचं. लग्नाआधी माझ्या दोनतीन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. मस्कतला आल्यावर लिहिणं सुटलं, आणि कोणी विचारलं की मी म्हणायचे, इथे काही घडतच नाही, लिहायचं काय? ताईंनी एकदाच विचारलं, ‘घडत नाही, की दिसत नाही?’ मला राग आला होता, कारण त्यांचं बरोबर होतं.

गेल्या वर्षी त्या म्हणाल्या, ‘मीनल, येत्या एप्रिलमध्ये मी रिटायर होणार. नोकरी खलास की व्हिसा खलास. इथून निघायची ही शेवटची सुटी. पोर्तुगालला चल माझ्याबरोबर. मी चित्रं काढीन, तू लिही. नाही लिहिलंस तर भात लाव.’ मी हो म्हटलं. तिथल्या एका गावात दोन खाटा ठरल्यासुद्धा. तिकडच्या व्हिसासाठी ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं, तेही साहेबांनी विनातक्रार सही करून दिलं. आणि पत्र हातात आल्यावर माझं अवसान गळालं. घरचं कारण नव्हतं, नवरा तर जा म्हणत होता. मला भीती वाटली ती वेगळीच. तीन आठवडे रिकाम्या वहीसमोर बसले आणि काहीच आलं नाही, तर? आतापर्यंत वेळ नाही म्हणून लिहीत नव्हते, मग काय सांगणार होते? मी ताईंना फोन केला, ऑफिसने पत्र नाकारलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.’ त्या एकट्या जाऊन आल्या. पत्र माझ्या ड्रॉवरमध्येच राहिलं.

त्यांचा भाचा पुण्याहून आला तेव्हा चित्रं बांधायला मी आणि ईरा गेलो. कामाच्या ओघात तो म्हणाला, ‘मावशी तुमच्याबद्दल फार बोलायची. तुम्ही जाणार होता ना तिच्याबरोबर?’ ताईंच्या खोलीत, त्यांच्याच चित्रांना कागद गुंडाळत मी पुन्हा म्हटलं, ‘हो, पण ऑफिसने पत्र दिलं नाही.’ तोंडातून निघूनच गेलं.

जिना उतरताना ईरा थांबली. तिचं मराठी अडखळत चालतं, त्यामुळे ती कधी फिरवून बोलत नाही. ‘आई, ताईंना माहीत होतं. लेटरचं.’

‘काय माहीत होतं?’

‘त्या म्हणाल्या, तुझी आई स्वतःच सगळ्यांची लेटर्स टाइप करते ना? मग तिला कोण नाही म्हणणार? त्या लाफ करत होत्या. मग म्हणाल्या, तिला भीती वाटते, वाटू दे. तू काही बोलू नकोस हं तिला.’

ते खरंच आहे. ऑफिसात ना-हरकत पत्रं टाइप करणं हे माझंच काम. अकरा वर्षं लोकांना सुटीला पाठवतेय. खोटं बोलायचं तर निदान जरा बरं कारण शोधायला हवं होतं.

परवा मी जुनं पत्र फाडलं आणि स्वतःच्या नावाने नवं टाइप केलं. मुक्काम तेच गाव, मुदत तीन आठवडे. आमचे ओमानी साहेब हिंदी छान बोलतात. सही करता करता त्यांनी विचारलं, ‘अकेली जा रही हो?’ मी ‘हां’ म्हटलं. ‘यल्ला, चलो, अच्छा है,’ म्हणून त्यांनी कागद परत दिला. जागेवर येऊन शिक्का मारायला घेतला आणि मला रडू आवरेना. ताईंनी मला सांभाळून घेतलं म्हणून नव्हे, त्यांचा राग आला म्हणून. त्यांनी एकदा तोंडावर म्हणायचं होतं, ‘मीनल, खोटं बोलतेस.’ मी त्यांच्याबरोबर गेले असते.