सेरवाच्या खुर्च्या

घानातल्या कुमासीत सेरवाला रिकामी वस्तू बघवत नसे. पहाटे मक्याची आंबवलेली पेज विकायची. पातेलं निवलं की तिथंच शिलाईचं मशीन मांडायचं. कडेच्या टेबलावर लोकांचे पैसे फोनवरून गावोगाव धाडायचे. आणि शनिवारी, तिथल्या रीतीनं मयताचे विधी होत तेव्हा, तिच्या निळ्या खुर्च्या मयताच्या अंगणांत भाड्यानं जायच्या. एका धंद्याला ओहोटी लागली तर दुसरा तारतो, हे तिला फ्रेमाबाईनं शिकवलेलं. शिवणही त्याच बाईनं शिकवलेलं.

ती फ्रेमाबाई गेली. मरणाच्या अंथरुणाशी सेरवानं शब्द दिला होता, तुमच्या दिवसाला खुर्च्या माझ्या, भाड्याविना.

पण शुक्रवारी साखरपुड्याचं गिऱ्हाईक आलं. फ्रेमाबाईच्या शनिवारच्या मयतासाठी खुर्च्या आदल्या दिवसापासून घरी बसून राहणार, हे काही तिला सोसेना. पहाटे परत आणायच्या बोलीवर तिनं त्या ट्रकवाल्या प्रेकोच्या गाडीत घालून दिल्या. सकाळी पेजेला रांग लागली, फोन पैसे धाडण्यात गुंतला, आणि ट्रक वाटेत आस मोडून पडलाय हे तिला कळलं ते काळं लुगडं नेसून अंगणात पोचल्यावर.

अंगणभर माणसं उभी होती. म्हाताऱ्या भिंतीला टेकल्या होत्या. पेजेची एक जुनी गिऱ्हाईक हसून म्हणाली, "सेरवा, उभं राहायचं भाडं किती घेतेस गं?"

तेवढ्यात भोंग्यावर मदत देणाऱ्यांची नावं पुकारायला सुरुवात झाली. पुकारणाऱ्यानं तिचंही नाव घेतलं: सेरवानं अंगणातल्या सगळ्या खुर्च्या दिल्या. कुणीतरी खोकलं. मग रीतीप्रमाणे घरची माणसं रांगेनं, एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानायला निघाली, पुढं फ्रेमाबाईचे थोरले मामा डोंकोर.

"मामा, हात देऊ नका," सेरवा म्हणाली. "खुर्च्या मी काल दुसरीकडं भाड्यानं लावल्या."

"ठाऊक आहे. तुझा फोन लागेना म्हणून प्रेकोनं मला केला."

"मग माझं नाव कशाला घेऊ दिलंत?"

"सेरवाच्या खुर्च्या येणार, असं माझी भाची आल्यागेल्याला सांगत होती. तिचा शब्द मी खाली पाडू?" म्हाताऱ्यानं हात तसाच पुढं ठेवला. "दे हात. मागं माणसं खोळंबलीत."

तिनं हात दिला. मामामागून मुली आल्या, सुना आल्या. प्रत्येकीनं हात हातात घेऊन आभार मानले आणि प्रत्येक हातागणिक सेरवा जमिनीत खचत गेली. सगळ्यांत शेवटी फ्रेमाबाईची धाकटी बहीण आली, सुजल्या गुडघ्यानं सकाळपासून उभी असलेली. हात देताना तिचा तोल गेला, आणि सावरायला तिनं सेरवाचाच खांदा धरला.

"उपकार झाले गं पोरी," ती म्हणाली. खुर्च्या काल दुसरीकडं भाड्यानं गेल्याचं तिला खरंच ठाऊक नव्हतं.