मुंडावळ्या स्पष्ट, नवरी धूसर

फोटो धूसर आला की लोक आधी फोटोग्राफरचे हात बघतात. त्या उन्हाळ्यात महाडच्या आमच्या स्टुडिओत माझे हात इतक्या जणांनी बघितले, की एखाद्या ज्योतिषाकडे बसलो असतो तर निदान भविष्य तरी कळलं असतं.

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. रस्त्याच्या कामाच्या टोळीबरोबर महाडला आलो, तापानं फणफणलो आणि टोळी मला तिथंच ठेवून पुढे गेली. स्टुडिओच्या मालकांनी दुकानामागच्या खोलीत झोपायला जागा दिली, आणि बरा झाल्यावर ‘आता नीघ’ असं काही ते म्हणाले नाहीत. बाजारपेठेत सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही चाचा म्हणू लागलो. रोल धुण्यापासून लग्नाची ऑर्डर एकट्यानं काढण्यापर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. पुढे त्याच खोलीत मी बायकोला गावाहून आणलं. तेव्हा त्या दुकानाबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही. निघणार आहे तो त्या दुकानात येऊन बसलेल्या शहाण्यांबद्दल.

रोल बंद होत चालले होते. चाचांनी धीर करून डिजिटल एसएलआर घेतला, तोही मुंबईच्या भाच्याच्या सल्ल्यानं. भाचा कॅमेऱ्याबरोबरच आला आणि कॅमेऱ्यासारखाच दुकानात राहिला. मुंबईत तो नेमकं काय करायचा हे त्याच्या आईलाही सांगता येत नसे. पण गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा अडकवून तो गल्ल्यापाशी उभा राहिला की गिऱ्हाईक त्यालाच मालक समजायचं. सगळी सेटिंग त्यानं केली. लेन्सचं तोंड कायम पूर्ण उघडं, कारण ‘मागचं एकदम ब्लर पाहिजे, मुंबईला सगळे तसंच काढतात.’ आणि डोळा लावला की आत फोकसचे जे नऊ ठिपके दिसतात, ते सगळे चालू.

‘हा कॅमेरा आहे, तुमचा रोलचा डबा नाय,’ तो मला म्हणाला. ‘ह्याला डोकं आहे. फोकस तो स्वतः पकडतो. तू फक्त बटन दाब. सेटिंगला टच नको करू, ते सातवी पासचं काम नाय.’

मी ‘बरं भाई’ म्हणालो. आज त्या ‘बरं भाई’ची मला त्याच्या सेटिंगपेक्षा जास्त लाज वाटते.

लागोपाठ तीन लग्नांचे फोटो धूसर आले. सगळेच नाही, पण जे मोठे करून अल्बमच्या पहिल्या पानावर जायचे, नेमके तेच. नवरीच्या डोळ्यांवर कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखं दिसायचं. भाच्यानं निदान लगेच केलं. ‘हात हलतात ह्याचे. गावठी माणूस, टेन्शन घेतो.’ मग तो कॉम्प्युटरवर बसला आणि फोटो ‘शार्प’ करू लागला. एका नवरीचे गाल त्यानं असे शार्प केले की त्यावर रवा भाजून ठेवल्यासारखं वाटत होतं. ते प्रिंट बघून तिच्या मामानं विचारलं, ‘हिला गोवर कधी झाला रे?’

मग कॉलेजातले एक सर आले. हे दर रविवारी रायगडाखालच्या हिरकणीवाडीला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढत. पक्षी त्यांच्या फोटोत असत, असं ते सांगत. लेन्स उजेडाकडे धरून त्यांनी सुस्कारा सोडला.

‘अहो चाचा, भिंगालाच दोष आहे. मुंबईला पाठवा. आणि ह्याला जरा प्राणायाम सांगा.’

मी प्राणायाम केला. चहा सोडला. बटण दाबताना इतका वेळ श्वास कोंडायचो की एकदा नवरदेवानंच विचारलं, ‘भाऊ, बरं वाटतंय ना?’ शटरचा वेग वाढवला तर हात हलल्याचं फोटोत दिसत नाही, एवढं मला रोलच्या दिवसांपासून माहीत होतं, आणि या लग्नांत वेग भरपूर होता. पण चार जण तुमच्या हातांकडे बघत असले की तुम्हीही हातांकडेच बघायला लागता. त्यांच्या मूर्खपणात मी असा मनापासून भागीदार झालो होतो.

पुढची ऑर्डर पोलादपूरची होती. चाचांनी मला बाजूला घेतलं. ‘रे, हे लग्न बिघडला तर माझा नाव जाईल. मग मी तरी तुला काय म्हणून ठेवू, सांग.’ आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानंच मी घाबरलो. दुकान सुटलं की खोली सुटणार, आणि बायकोला घेऊन मी कुठल्या तोंडानं गावी जाणार होतो?

दुपारी भाचा जेवून आडवा झाला होता. चाचा कॉम्प्युटरपाशी आले आणि म्हणाले, ‘काय बिघडलाय ते सगळे सांगतात. ह्यात चांगला काय आलाय, ते दाखव मला.’

एवढे दिवस हे कुणालाच सुचलं नव्हतं. हात हलला तर सगळंच धूसर येतं. मी नवरीचा फोटो मोठा केला, डोळे सोडून इकडेतिकडे सरकवला. गालाजवळ लोंबणारी मुंडावळी! एकेक मोती वेगळा, मधला दोरासुद्धा दिसत होता. दुसऱ्या फोटोत करवलीच्या हातातला कऱ्हा, त्यावरच्या नारळाच्या शेंडीचा धागा न् धागा मोजून घ्यावा. तिसरं लग्न चाचांच्याच नात्यातलं होतं. त्यात नवरदेवाच्या सेहऱ्यातली फुलं टवटवीत, आणि त्यामागे नवरदेव आहे हे नातेवाइकांनी सांगावं तेव्हा कळणार.

डोकं असलेला कॅमेरा जे सगळ्यात पुढे असेल ते पकडत होता. त्यात लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, म्हणजे चार बोटं मागचंही धूसर. आमच्याकडे तर लग्नात माणसाच्या तोंडापुढे काही ना काही लोंबतंच. बटण दाबताना लाल ठिपका मोत्यांवर लुकलुकलेला मी कितीदा बघितला होता! पण मुंबईहून आलेल्या यंत्राला सातवी पासनं काय सांगावं?

गल्ल्यावर रोलच्या तीन रिकाम्या डब्या एकामागे एक तिरक्या मांडल्या. सगळे ठिपके चालू ठेवून फोटो काढला, पुढची डबी स्पष्ट आली. फक्त मधला ठिपका ठेवून मधल्या डबीवर धरला, मधली स्पष्ट. लेन्सला काहीही झालं नव्हतं. हातांनाही नाही.

‘झोपेतून उठला की त्याला पण दाखव,’ चाचा म्हणाले. दाखवलं. भाच्यानं जांभई दिली. ‘डब्यांचं लग्न लावतोस काय?’

पोलादपूरच्या हॉलवर पोचलो तर वऱ्हाड कशेडी घाटात ट्रकांमागे अडकलेलं. अर्ध्या तासानं नवरी बाहेर आली. मी पहिला फोटो घेतला आणि ठिपका पुन्हा मुंडावळीवर लुकलुकला. सकाळी निघताना भाच्यानं सगळं पूर्ववत करून ठेवलं होतं.

तोही बरोबर आला होता आणि माझ्या शेजारीच उभा होता. मी त्याच्यासमोर बटण दाबून मधला एकच ठिपका ठेवला, चाक फिरवून लेन्सचं तोंड बारीक केलं.

‘ए, टच नको करू बोललो ना?’

‘भाई, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.’

नवरीच्या मैत्रिणी फिसकन हसल्या. तो बाजूला झाला, थेट जेवणाच्या पंगतीपर्यंत. मी ठिपका नवरीच्या डोळ्यावर धरला, अर्धं बटण दाबून तसाच ठेवला, चौकट नीट केली आणि फोटो घेतला. दर फोटोनंतर मागच्या पडद्यावर मोठा करून बघत होतो. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. फोटो स्पष्ट येत होते.

दुकानात चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लावून एकेक पापणी बघितली. भाचा मागून म्हणाला, ‘बघा, मी बोललोच होतो, कॅमेरा चांगला आहे.’

सरांनीही ते फोटो बघितले. प्राणायामाचा गुण आला म्हणाले. असल्या माणसांना हरवता येत नाही. ते प्रत्येक वेळी आधीपासूनच बरोबर असतात.

चाचांनी भाच्याच्या गळ्यातला पट्टा कॅमेऱ्यासकट काढून घेतला आणि माझ्याकडे दिला. ‘पुढच्या ऑर्डरीला हा एकटा जाईल.’ मग मला म्हणाले, ‘त्या तीन घरांत मी जाऊन येतो. तू नको येऊस. तुझ्या हातांना आम्ही उगाच बोललो.’

माफी मागायला ते उन्हातून एकटे गेले. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो, आणि ते परत येईपर्यंत मला दुसरं काहीच करवेना.