एव्हरेटचा ‘नेटिव्ह’

अमेरिकेच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या बर्फाळ डुलुथमधल्या आमच्या संगणक केंद्रात एव्हरेट लिंडक्विस्टने लायब्रऱ्या बांधण्यात हयात घालवली. पुस्तकांच्या नव्हे, शास्त्रज्ञांची किचकट गणितं सोडवणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या. त्या मूळ कोडवरून बांधताना कशा बांधायच्या, हे कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, सांगावं लागतं. बाकीचे लोक सेटिंगं आली तशीच ठेवतात. एव्हरेटला आयतं काही चालतच नसे. घरचं बर्फ उडवायचं यंत्रसुद्धा त्याने खोलून इतकं तेज केलं होतं, की अंगणातला बर्फ थेट शेजाऱ्याच्या पोर्चवर पडे.

निवृत्तीनंतर ॲरिझोनात लेकीजवळ राहायला जायचं, असं त्याने बायकोला, मार्लिसला, कबूल केलं होतं. फक्त सरोवराच्या बर्फाचा अंदाज वर्तवणारी ही शेवटची लायब्ररी पुरी होऊ दे, म्हणाला. ती काही होईना. रोज नवं सेटिंग आणि पुन्हा पहिल्यापासून बांधकाम. तिकडे सामानाची खोकी भरून दारात पडलेली. गड्याला जायचंच नाहीये, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शेवटी एकदा त्याच्या मनासारखं झालं. नव्याकोऱ्या मशीनवर लायब्ररी सुसाट पळाली. मग ती मागच्या खोलीतल्या जुन्या मशिनांवर चढवली, तर एकजात सगळीकडे ‘बेकायदा आज्ञा’ एवढं म्हणून ती आडवी झाली.

“मशिनंच भिकार आहेत,” एव्हरेट म्हणाला.

“मशिनं कालपर्यंत नीट चालत होती. तू काय घातलंयस ते बोल.” मी सेटिंगं उघडली. त्यांत ‘नेटिव्ह’ होतं.

तेवढ्यात मार्लिस त्याचं जेवण घेऊन आली. खोकी बांधून बांधून तिच्या बाहीला चिकटपट्टी लागली होती.

“झाली का बाई ती?”

“नेटिव्हमुळे अडलीय,” मी म्हटलं.

“ते काय असतं?”

“ज्या मशीनवर बांधतोय त्याच्याच अंगाला बेतून बांधायचं. तिथं झकास पळतं. दुसरीकडे नेलं की पहिल्याच पावलाला कोसळतं.”

मार्लिसने नवऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे हाच की.”

मी हसलो. एव्हरेट हसला नाही. “तिथं बर्फ नाही, मार्लिस,” तो हळूच म्हणाला. “मी करू काय तिथं?”

मला हसल्याचं वाईट वाटलं. मार्लिस त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

“तो शब्द काढता येतो का?”

“येतो. पण मग हळू चालेल.”

“हळू तर हळू. पण चालू दे की रे.”

एव्हरेटने कीबोर्ड पुढे ओढला. मग शब्द खोडला आणि लायब्ररी पुन्हा बांधायला घातली. जेवण होईपर्यंत ती जुन्या मशिनांवरही चालायला लागली होती.

मार्चमध्ये इथं बर्फ उपसून थकलो तेव्हा मी त्याला ॲरिझोनात फोन लावला. कसं चाललंय, विचारलं.

“चालतंय,” एव्हरेट म्हणाला. “थोडं हळू.”

मागून मार्लिसचा आवाज आला, “शेजाऱ्यांचा कूलर खोलून बसलायस, तेही सांग त्याला.”