कोणत्या वेळी कोणती प्रार्थना

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एका जागी कामाला असली की ते माळ्यावरच्या सामानासारखे आपोआप साचत जातात. आणि ते खाली काढायला एखादं निमित्त लागतं.

मी लोणावळ्यातल्या एका कॅथलिक रिट्रीट हाउसचं ऑफिस सांभाळतो. लोक आमच्याकडे चार दिवस शांतपणे प्रार्थना करायला येतात. मी, ड्रायव्हर ज्ञानोबा आणि स्वयंपाकाच्या शेवंता मावशी, आम्ही तिघंही हिंदू. प्रमुख म्हणजे फादर मॅथ्यू, वयाने ऐंशीच्या घरातले, नगरकडचे. आणि प्रत्यक्षात सगळं चालवतात त्या सिस्टर फिलोमिना. सिस्टर पूर्वी नर्स होत्या, त्यामुळे त्यांचं मत पक्कं : प्रत्येक प्रार्थनेची वेळ ठरलेली असते. "डोकेदुखीला पोटाचं औषध चालतं का? मग!"

गेल्या महिन्यात फादर न्यूमोनियाने तळेगावच्या एका हॉस्पिटलात होते. ताप उतरला, पण फादरांनी जेवणच सोडलं. "आता पुरे झालं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी, सिस्टर आणि ज्ञानोबा बाहेर बाकावर बसलो होतो. तिघंही मनातून टरकलेलो. टरकलेली माणसं गप्प बसत नाहीत, जुने किस्से काढतात.

*

पहिला मान ज्ञानोबाचा. एकदा जीपची किल्ली हरवली तेव्हा सिस्टरांनी त्याला सांगितलं, "हरवलेल्या वस्तूसाठी संत अंतोनीची प्रार्थना करायची." ज्ञानोबाने हात जोडले आणि किल्ली जीपलाच लटकलेली सापडली! झालं. तेव्हापासून ज्ञानोबाने वस्तू शोधणंच बंद केलं. चष्मा, मोबाइल, पाना, काही दिसेनासं झालं की हा थेट अंतोनीच्या पुतळ्यापुढे उभा.

मग एके दिवशी पडलेल्या चेहऱ्याने सिस्टरांकडे आला.

"सिस्टर, बायकू रुसून म्हायेरी गेलीया, कामशेतला. ती हरवल्यात धरायची का?"

सिस्टरांनी क्षणभरही विचार केला नाही. "ती हरवलेली नाही. कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. तिथे पश्चात्तापाची प्रार्थना! आणि ती इथे नाही, कामशेतला जाऊन करायची!"

*

दुसरा किस्सा तळेगावच्या एका शिक्षिकाबाईंचा. नवऱ्याची बदली लांब झाली होती, ती रद्द व्हावी म्हणून त्यांनी नोव्हेना धरला. नोव्हेना म्हणजे नऊ दिवस, रोज, खंड न पडता करायची प्रार्थना. मध्येच एक दिवस बाई एक्सप्रेस वेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या. दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात, "आज दोन दिवसांची एकदम केली तर चालेल?"

सिस्टर कडाडल्या, "नोव्हेना अँटिबायोटिकसारखा असतो! डोस बुडवायचा नाही, दोन एकदम घ्यायचे नाहीत. पहिल्यापासून सुरू करा!"

बाईंनी बिचाऱ्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. आणि अर्ध्यावर आल्या तोच बदली रद्द! बाई पेढे घेऊन आल्या आणि हळूच फादरांना विचारलं, "काम तर झालं फादर. आता उरलेले दिवस नाही केले तर?"

फादरांनी पेढा तोंडात टाकला. "सिस्टरांनी काय सांगितलंय? बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडायचा नाही."

*

रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, एक भाग असतो, लोकांच्या विनंत्यांचा. कुणीही उभं राहून जगासाठी, आजाऱ्यांसाठी काही मागायचं आणि बाकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

एका रविवारी रेल्वेतून रिटायर झालेले पीटर अंकल उभे राहिले. "जे लोक पहाटे पाण्याची मोटर लावून शेजाऱ्यांची झोप मोडतात, त्यांना सद्बुद्धी मिळावी." सगळे सवयीने म्हणाले, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

लगेच मागच्या बाकावरून त्यांच्या शेजारीण मोनिका आंटी उभ्या राहिल्या. "जे लोक आपला कचरा दुसऱ्याच्या कुंपणात टाकून वर चर्चला येतात, त्यांना क्षमा मिळावी." पुन्हा सगळे, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

अंकल पुन्हा उठायला लागले, तेवढ्यात फादर वेदीवरून म्हणाले, "आता शेवटची विनंती माझी. या दोघांनाही मौन प्रार्थनेची ओढ लागावी."

त्या दिवशीचं "ऐक" पार बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं असेल!

*

मौनावरून आठवलं. एका शनिवारी दुपारी आमच्याकडे मौन साधना चालू होती आणि शेजारच्या बंगल्यात पुण्याच्या पार्टीने डीजे लावला. तक्रार कोण करणार? सगळ्यांचं मौन! शेवटी फादर स्वतः गेले. बोलता येईना, म्हणून पांढऱ्या झग्यात फाटकाशी हात जोडून नुसते उभे राहिले. त्या पोरांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पाया पडून घेतलं, फोटो काढले आणि चिकनची भरलेली प्लेट फादरांच्या हातात दिली. डीजे चालूच!

दुसऱ्या दिवशी मौन सुटल्यावर फादरांचं पहिलं वाक्य, "मौनाचं फळ मिळालं. जरा तिखट होतं."

हे ऐकता ऐकता ज्ञानोबा एकदम रडायलाच लागला.

*

सिस्टरांनी त्या दिवसांत काही बाकी ठेवलं नव्हतं. रोझरीची माळ जपून झाली, नोव्हेना चालू होता, आजाऱ्याला तेल लावून करायची प्रार्थनाही झाली. प्रत्येक गोष्ट अगदी वेळेवर. फादर भिंतीकडेच तोंड करून.

दुपारी शेवंता मावशी भाजे गावातल्या आपल्या घरून लोकलने आल्या, हातात पेजेचा डबा. आम्ही त्यांच्यामागून खोलीत गेलो. मावशींनी पेज वाटीत ओतली, चमचा घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या डायनिंग हॉलमध्ये रोज जेवणाआधी म्हणतात ती प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, आमाला आन् तुज्या दयेनं मिळालेल्या ह्या अन्नाला आशीर्वाद दे..."

सिस्टर कुजबुजल्या, "मावशी, ही जेवणाची आहे. आजाऱ्याची प्रार्थना वेगळी असते."

"आजाऱ्याची तुमी म्हना. मला हीच येती. ही झाली की फादर जेवत्यात, येवढं मला म्हायती हाय."

आमच्याकडे पद्धत अशी की शेवटचं "आमेन" फादरांनी म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मावशी वाढत नाहीत आणि कुणी घास घेत नाही. मावशींची प्रार्थना संपली. आमेन काही येईना. शेवटी न राहवून सिस्टरांनीच तोंड उघडलं, तशी मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"त्यांचं त्यांना म्हनू द्या."

आणि चमचा हातात धरून उभ्या राहिल्या. पेजेवरची वाफ कमी कमी होत गेली. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

भिंतीकडून आवाज आला, "आमेन."

आणि मग, जरा चिडूनच, "लोणचं आणलंय का?"