घरगाडीचा अर्ध्यावरचा काटा

सकाळी गाडीखाली पाठीवर पडून शिट्टी वाजवणारा माणूस संध्याकाळी नसतो, हे कसं काय? हा प्रश्न मी दवाखान्यात विचारला, मामाला विचारला, घरी भजनाला आलेल्या बुवांनाही विचारला. दवाखान्यात म्हणाले, "तुम्ही आधी बसा." मामा म्हणाला, "पाणी पी." बुवांनी डोळे मिटून घेतले.

मग मी बसलो आणि लोक भेटायला येऊ लागले. मयतीच्या घरी दोन गोष्टी आपोआप साचतात, कपबशा आणि किस्से. माणूस मान खाली घालून येतो, सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकतो, आणि चहाचा घोट पोटात गेला की म्हणतो, "पण तुझ्या भावानं एकदा काय केलं, माहीत आहे काय?" मग सगळे हसतात. हसलो म्हणून लाजून सगळे घरात बघतात, तर आत वहिनी पण हसत असते.

दादाचं गॅरेज मूल गावात, चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सातवीत मी शाळा सोडली ती तिथंच आलो. दादाने एक जुनी मिनीबस घेऊन तिची घरगाडी केली होती. आत पलंग, गॅस, मोरी, पंखा, सगळं. पुण्या-नागपूरहून जंगल बघायला आलेल्या लोकांना घेऊन तो फिरायचा. स्वयंपाकाला सोबत वसंताभाऊ, आमचे शेजारी, तळ्यात जाळं टाकून मासे धरणारे. गाडी झकास होती, फक्त डिझेलचा काटा बिघडलेला. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, काटा मधोमध.

बहुतेक किस्से त्या काट्याचेच आहेत. आणि दादा गेल्यावर सगळी अडचणही त्या काट्यावरच येऊन थांबली, की ही गाडी त्याच्याशिवाय चालणार की विकावी लागणार.

*

पुण्याचे एक काका होते. जंगल बघायला आलेले, पण पूर्ण रस्ता पुढच्या सीटवर बसून काटाच बघत राहिले. मूल गेलं, गडचिरोली गेलं, आलापल्ली आलं. काटा जिथल्या तिथं.

शेवटी काकांना राहवलं नाही. "अहो, तुमची गाडी डिझेल खाते की नाही?"

"खाते ना. पण चारचौघात लाजते," दादा म्हणाला.

परतीच्या वाटेवर दादाने डिझेल भरलं तेव्हा काका झोपले होते. उठून बघतात तर काटा अजून अर्ध्यावर. उतरताना त्यांनी दादाचा हात धरला आणि इंजिन कोणत्या कंपनीचं आहे ते विचारलं.

दादा म्हणाला, "इंजिन साधंच आहे, काका. संस्कार चांगले आहेत."

*

खरं म्हणजे दादाला काटा लागतच नव्हता. तो गाडीखाली वाकायचा, बोटाच्या हाडानं टाकी वाजवायचा, वरून खाली, आणि सांगायचा, "वडसापर्यंत जाते." गाडी वडसापर्यंत जायची.

फसला तो एकदाच. चंद्रपूरचं एक मोठं कुटुंब होतं, त्यांच्या पोरांनी आत जोरात गाणी लावलेली. दादाला टाकी नीट ऐकूच आली नाही. कुरखेड्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूला धान आणि मध्ये रस्ता, अशा ठिकाणी गाडीने दोन उचक्या दिल्या आणि थांबली.

दादा दार उघडून खाली उतरला, आळस दिला आणि म्हणाला, "हा आपला पहिला हॉल्ट."

बांधावर सतरंजी टाकली. वसंताभाऊने चूल मांडून शिंगूर माशांचा रस्सा केला. दादा हातात कॅन घेऊन कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला. तो डिझेल घेऊन येईपर्यंत पोरं चिखलात लोळली होती आणि आजोबा बांधावर घोरत होते. ते लोक इतके खूश झाले की त्यांनी आपल्या साडूला पाठवलं.

साडूने गाडीत बसायच्या आधीच सांगितलं, "धानाच्या बांधावरचा हॉल्ट पाहिजेच."

या वेळी टाकी गच्च भरलेली. तरी दादाने त्याच जागी गाडी थांबवली. सतरंजी पडली, रस्सा शिजला. पण साडूचं तोंड उतरलेलं.

"काय झालं, साहेब? तिखट झाला काय?"

"नाही, पण तुम्ही कॅन घेऊन जाता ना? ते कधी?"

दादाने रिकामा कॅन उचलला, वळणापलीकडे जाऊन बाभळीखाली बसला, आणि बऱ्याच वेळानं रिकामा कॅन जड असल्यासारखा उचलून घेऊन आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

दादा गेल्यावर गाडी गॅरेजसमोर तशीच उभी होती. मामा म्हणाला, विकून टाका. गडचिरोलीचा एक गिऱ्हाईक आला. चांगला माणूस होता, फक्त प्रश्न फार विचारायचा.

"टाकीत किती आहे?"

वहिनीने काट्याकडे बघून सांगितलं, "अर्धी."

तो गाडी चालवून बघायला निघाला. सोबत वहिनी, मी आणि वसंताभाऊ. गाव संपलं तिथं गाडी पण संपली. ढकलल्याशिवाय इलाज नव्हता. पण ढकलताना स्टिअरिंग कोणी धरायचं? आम्ही तिघं पुरुष मागे लागलो आणि वहिनीला समोर बसवलं. तिने कधीकाळी दादाच्या हौसेखातर लायसन काढलं होतं, पण या गाडीचं चाक तिने तोपर्यंत धरलं नव्हतं.

गिऱ्हाईक ढकलता ढकलता घामाघूम. पण वहिनीने गाडी रस्त्यावरून वळवली, हातगाडीवाल्याला चुकवलं आणि थेट गॅरेजच्या दारात नेऊन लावली.

गिऱ्हाईक ओट्यावर बसून पाणी प्याला. मग म्हणाला, "गाडी मले नको. पण बाई चालवून राह्यल्या चांगली."

तो गेला आणि वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाडी विकायची नाई. मीच चालवीन."

मामा म्हणाला, "जंगलात बाईमाणूस गाडी घेऊन जाईल? डिझेल संपलं तं?"

"म्हून काटा पह्यले दुरुस्त करायचा," वहिनी म्हणाली. "तुमच्या भाच्याले ठोकून समजत होतं. मले ठोकून एवढंच समजते का टाकी आहे."

*

काम माझ्यावर आलं. मी टाकीवर येणारी वायर काढून गाडीच्या लोखंडाला टेकवली. काटा झपकन वर गेला, पार शेवटपर्यंत. म्हणजे काटा बिचारा निर्दोष होता. चोर टाकीच्या आत होता. टाकीत डिझेलवर तरंगणारा फ्लोट असतो, तो वरखाली झाला की काटा वरखाली होतो. तो फ्लोट बदलायचा होता.

पण तिथं पोचायचं झाकण टाकीच्या वर, आणि त्याच्यावर दादाने पलंग ठोकलेला. एकतर टाकी खाली उतरवा, नाहीतर पलंगाखालचा पत्रा आणि प्लायवूड कापा. टाकी उतरवायला दिवस गेला असता. मला थांबवत नाही. मी माप न घेताच आरी चालवली.

चौकोन कापून उचलला. खाली टाकी नाही. खाली रस्ता, आणि रस्त्यावर एक कोंबडी. ती मान वाकडी करून वर माझ्याकडे बघत होती.

वसंताभाऊ दारातून म्हणाले, "हे बरं केलं, लहान्या. जंगल पाह्याले खालून पण खिडकी झाली."

वहिनी आली. तिने भोक बघितलं, कोंबडी बघितली, आणि पलंगावर हात ठेवून म्हणाली, "आता मोजून काप. पलंग एकच आहे."

*

मोजून कापल्यावर टाकी सापडली. झाकणाचे स्क्रू काढले आणि फ्लोट वर ओढला, तर येईना. जोर लावला तेव्हा टरकन बाहेर आला. दांड्याच्या टोकाला फ्लोट नव्हताच. तिथं तारेनं बांधलेला निळा गोळा होता, फुगून वड्याएवढा झालेला. तोच टाकीतल्या पत्र्याला अडकून बसला होता, म्हणून काटा अर्ध्यावर.

वसंताभाऊ अचानक आकाशाकडे बघू लागले.

"भाऊ, हे काय आहे?"

"चप्पल आहे."

"चप्पल टाकीत काऊन?"

वसंताभाऊंनी हळूहळू सांगितलं. कधीतरी, पलंग ठोकायच्या आधी, जुन्या फ्लोटला भोक पडलं आणि तो बुडाला. दादाने वसंताभाऊंना विचारलं, तरंगणारं काय असते? आता मासे धरणाऱ्या माणसाला हे विचारलं तर तो काय सांगेल? आमच्याकडे जाळं पाण्यावर धरून ठेवायला काठाला जुन्या रबरी चपलेचे तुकडे बांधतात. वर्षानुवर्षं तरंगतात. दादा कुठून तरी चप्पल घेऊन आला, वसंताभाऊंनी तसा तुकडा कापून दिला आणि दादाने मोठ्या थाटात तो बसवला.

"पाण्यात कधीच फुगत नाई," वसंताभाऊ म्हणाले. "डिझेलमंधी फुगते हे मासोळीले माहीत नाई तं मले काय माहीत?"

वहिनीने तो गोळा हातात घेऊन उलटा केला. खालच्या अंगाला फुलांची नक्षी होती.

"ही माही चप्पल."

वसंताभाऊ पुन्हा आकाशाकडे बघू लागले.

"नवीन होती. मी म्हटलं, शेजारच्या कुत्र्यानं नेली. तुमचे दादा म्हणे, हो, मी पाह्यलं, त्यानंच नेली. तेव्हापासून मी त्या कुत्र्याले भाकर नाई देली."

ती तशीच उठली, घरातून भाकरीचा टोपला घेतला आणि शेजारच्या अंगणात गेली. कुत्रं तिला बघून सवयीनं पळालं. वहिनी हातात भाकर धरून त्याच्या मागे गावभर.

*

मी चंद्रपूरहून नवा फ्लोट आणला. दुकानदार म्हणाला, नंबर सारखाच आहे. बसवला. गच्च भरलेल्या टाकीवर काटा रिकामा दाखवू लागला. थोडं डिझेल काढलं तर काटा वर चढला. दुसऱ्याच कोणत्या गाडीचा उलटा फ्लोट होता.

वहिनी म्हणाली, "असू दे, भाऊजी. मी उलटा वाचीन."

"तसं नको, वहिनी."

"संसार करताना सवय झाली आहे."

मला इतका राग आला की मी तो फ्लोट काढला आणि समोरच्या तळ्यात फेकून दिला. तो लोखंडी दांड्यासकट बुडताना वसंताभाऊ म्हणाले, "लहान्या, दुकानदार तं बदलून देणार होता ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळं टाकलं. जाळ्यात दोन मरळ आणि एक फ्लोट. मरळ आम्ही खाल्ली आणि फ्लोट मी फडक्यानं पुसून दुकानात नेला.

दुकानदाराने वास घेतला. "हा कुठी होता?"

"गाडीतच होता," मी म्हणालो.

त्याने बदलून दिला. नवा बसवताना मी गाडीखाली पाठीवर पडून वायर जोडली आणि खालूनच हाक मारली, "दादा, आला काय काटा?"

जीभ चावेपर्यंत शब्द बाहेर पडला होता. मग ड्रायव्हरच्या सीटवरून वहिनी म्हणाली, "आला."

मी आणखी थोडा वेळ खालीच पडून राहिलो. वायर घट्ट आहे की नाही ते बघत होतो.

*

पहिली फेरी हेमलकशाची ठरली. नागपूरचं कुटुंब होतं, आजी सोबत. उन्हाळाभर वहिनी मैदानात शिकली होती. टाकी भरली, काटा भरलेला दाखवत होता. वसंताभाऊंनी तेल-मीठ भरलं. मामा पण निरोप द्यायला आला होता आणि आजीला सांगत होता, "आमची सून चालवते, काही भेव नाई."

सगळं तयार होतं. फक्त वहिनी पाठीमागे दोन उशा लावून बसायची. दादा उंच होता. सीट पार मागे नेलेली, त्याच्या मापाने. उशा लावल्याशिवाय वहिनीचा पाय क्लचला पोचायचा नाही, आणि पोचला तरी क्लच पूर्ण दबायचा नाही. मी उन्हाळ्यात अनेकदा म्हटलं, सीट पुढे घेऊ. ती म्हणायची, "राहू द्या. चालते."

त्या सकाळी वसंताभाऊ हळूच म्हणाले, "बाई, जंगलात वळणावर उशी सरकली तं?"

वहिनीने आजीला हात देऊन आत चढवलं, पोरांना खिडकीशी बसवलं. मग येऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली आणि चढेचना.

मी पाना आणला. बोल्ट जुने होते, जागेवर गंजून बसलेले. तेल सोडलं, थोडा वेळ थांबलो, मग जोर लावला. एकेक सुटला. सीट उचलून पुढच्या भोकांवर ठेवली. जिथं ती आधी होती तिथं गाडीच्या तळाच्या पत्र्यावर रंग अजून नवा होता.

वहिनी चढली. उशा मागे पलंगावर टाकल्या. क्लच दाबला, पूर्ण गेला. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत बसली.

"भाऊजी."

"काय, वहिनी?"

"आता तुमचे दादा बसले तं गुडघे अडतील त्यायचे."

"हो," मी म्हणालो, आणि चारही बोल्ट कसून आवळले.