रंग तेवढा सांगा

पेट्रोल जाळायचं असतं असं समजणारी माणसं बडोद्यात लाखांनी आहेत; ते पचवायचं असतं असं मानणारे एकटे माझे साडू. वडिलांकडून आलेल्या जुन्या मोटरसायकलचं सिलिंडर त्यांनी मोठं करून घेतलं, सायलेन्सर बदलला आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचा कार्बोरेटर तिला बसवला. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातला एकही आकडा तिला लागू पडेना आणि साडूंच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला, जेट कितीचं घालायचं. जेट म्हणजे वाटाण्याएवढा पितळी तुकडा. त्याच्या छिद्रातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. छिद्र लहान पडलं तर साडू म्हणत, "उपाशी आहे बिचारी." मोठं पडलं तर, "अजीर्ण." निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घरी आलेला पाहुणा दोन दिवस तापाने पडला होता, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं, पण गाडीची ढेकर ते फाटकापासून ओळखत. निरनिराळ्या नंबरांची जेटं ते सुपारीच्या डबीत बाळगत. एका लग्नात ती डबी चुकून पंगतीत फिरली आणि एका निवृत्त मामलेदारांनी मोठ्या विश्वासाने एक खांड तोंडात टाकलं. साडूंनी दाताची चौकशी केली नाही. "चावलंत की गिळलंत?" एवढंच विचारलं. "शंभर नंबर अख्ख्या बडोद्यात मळतो नथी हो, कुठे मिळतच नाही."

जेट जमलं की नाही हे प्लगच्या रंगावरून ठरतं. गाडी दामटून एकदम बंद करायची आणि प्लग काढून पाहायचा. पांढरा असेल तर उपाशी, काळा असेल तर अजीर्ण, बिस्किटासारखा असेल तर जमलं. अडचण एवढीच होती, की साडूंना तपकिरी रंग ओळखता येत नसे. नोकरी रंगांच्या कारखान्यात, पण हिशेब खात्यात, म्हणून टिकली. त्यामुळे दर रविवारी सकाळी मी अकोट्याहून स्कूटर घेऊन निघे. हालोल रस्त्यावर ते पुढे उधळत, मी मागून पोचे, तोवर ते बाभळीखाली फडक्यात प्लग धरून उभे असत, मुलगी दाखवायला आणल्यासारखे.

"रंग तेवढा सांगा. बाकीचं मी बघतो."

मी त्यांच्या मागे बसून का जात नसे, तर जेट जमेपर्यंत मागच्या सीटवर कोणी बसायचं नाही असा त्यांचा नेम होता. ताईंनीसुद्धा नाही. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना त्या गाडीवरून पावागडला जायचं होतं. त्या रिक्षाने भाजी आणत आणि म्हणत, "सवतीचं पोट भरलं की माझा नंबर."

आता जे इतकी वर्षं बोललो नाही ते सांगतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी प्लग बिस्किटासारखा निघाला. अगदी हवा तसा. आणि मी म्हणालो, "किंचित काळा वाटतोय." त्या वर्षी आमची कंपनी बंद पडली होती. आठवडाभर मला कोणी काही विचारत नसे. घरात तर भाजी कुठली करायची हेही माझ्यासमोर हळू आवाजात ठरे. रविवारी मात्र एक माणूस माझ्या शब्दावर इंजिन उघडत होता. मला ते संपायला नको होतं. साडूंनी एक नंबर खाली घातला, तो खरोखरच उपाशी निघाला. परत आधीचाच घातला, मी परत काळा म्हणालो. मग दोन नंबरांच्या मध्ये देवाने एखादा नंबर ठेवलाच असणार, असं ठरवून ते पितळेत स्वतः छिद्रं पाडायला बसले. अख्खा हिवाळा बसले.

काढलेले प्लग ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने ठेवत. होळीच्या सुमारास मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा ताई थालीपिठाची भाजणी भाजत होत्या. खिडकीकडे न बघताच म्हणाल्या, "तिसरा आणि पाचवा बघा. भाजणी ह्या रंगावर आली की उतरवायची असते हो. त्यांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं ना?"

पुढच्या रविवारी मी "बिस्कीट" म्हणालो. साडूंनी दोनदा विचारलं, मग प्लग फडक्यात गुंडाळून खिशात घातला आणि परतताना गाडी इतकी हळू चालवली, की माझी स्कूटर पुढे गेली. चार दिवसांनी ते ताईंना घेऊन पावागडला जाऊन आले. ताईंनी सीटला हळदकुंकू लावलं होतं. आता रविवार सुटला असं धरून मी घरी बसलो, तर सकाळीच फोन आला. "हवा तापली. हिवाळ्याचं जेट उन्हाळ्यात चालत नाही. या लवकर."

दर ऋतूला हवा बदलते आणि दर हवेला नवं जेट लागतं. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. ताई त्यानंतर त्या सीटवर दोन-तीनदाच बसल्या. मग गुडघ्यांनी पाय उचलायचं बंद केलं. तो एक हिवाळा त्यांना मिळायला हवा होता.

हे साडूंना मी अजून सांगितलेलं नाही. परवाच्या रविवारी अंगणात त्यांनी प्लग पुढे केला. मी उन्हात धरून पाहिला. काळा होता, काळा म्हणालो.

ताई आतून म्हणाल्या, "नीट बघून सांगताय ना?"

"अगं," साडू म्हणाले, "आजवर त्यांच्याच डोळ्यांवर तर चालली गाडी."

मी प्लग पुन्हा एकदा उन्हात धरला.