कारण शोधायला गेलेली माणसं

माझं नाव शांता आहे. हसू नका.

आता नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात, म्हणून सांगायला लाज वाटत नाही. ऐन चाळिशीत मला एक छंद जडला होता. चांगलं बसल्या बसल्या छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे आणि वाटायचं, आता काहीतरी होणार! काय होणार? ते ठाऊक नाही. कुणाला? तेही नाही. घरात सगळं ठीक, रानात ज्वारी उभी, सासूबाई ठणठणीत (माझ्यापेक्षा जास्तच). तरी आपली धडधड चालूच.

धाराशिवच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली. म्हणाले, "मावशी, हृदय झकास आहे. काही कारण नसताना भीती येते कधीकधी. येते, चढते, उतरते. तिच्या मागं पळू नका."

मला इतका राग आला! माणूस मरायला टेकलंय आणि हा म्हणतो झकास! रिपोर्ट चांगला आला म्हणून दवाखान्याच्या पायरीवर बसून रडणारी त्या दिवशी मी एकटीच असेन. कारण असलेल्या भीतीला मान असतो हो. लोक पाणी आणून देतात. बिनकारणाच्या भीतीला लोक नुसतं "खुळी" म्हणतात. म्हणून मी ठरवलं, आपणच कारण हुडकायचं. धडधडलं की आधी कारण शोधायचं, मग ते बघायला कुणालातरी पळवायचं. बहुतेक आमच्या ह्यांनाच.

तर त्या साली आमच्या ज्योतीचं लग्न झालं आणि वेळ अमावस्येला तिच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच आमच्या रानात जेवायला आली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोपी म्हणजे छोटी झोपडी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे आणि मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील यांच्यावर तुटून पडायचं. व्याह्यांचा नळदुर्गला हायवेवर ढाबा. जन्मभर दुसऱ्यांना जेवू घातलेला माणूस! त्यांनी बोट चाटून "वा!" म्हणावं म्हणून मी आठ दिवस आधीपासून आंबिलीचा विचार करत होते. पोरीची सासरी मान वर राहणार की नाही, हे सगळं त्या एका पंगतीवर होतं.

पूजा झाली. पत्रावळ्या मांडल्या. व्याह्यांनी बाह्या वर केल्या. आणि माझ्या छातीत, धडधड धडधड!

कारण? कारण? डोकं गरगरा फिरवलं आणि सापडलं.

"अहो! गॅस चालूच राहिला!"

"बंद असंल की," हे पत्रावळीवरून म्हणाले.

"असंल? घर जळाल्यावर असंल म्हणणार व्हय? जाऊन या आधी!"

यजमान उठल्यावर पाहुणे कसे जेवणार? सगळे थांबले. यांनी गाडीला किक मारली नि गेले. जायला-यायला असा कितीसा वेळ! पण हे आलेच नाहीत. फोन लावावा तर रानात रेंज नाही.

खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं. अखेर खरंखुरं कारण मिळालं! नवरा हरवला!

"गाडी घसरली असंल," मी म्हणाले.

"मी बघून येतो, मामी," जावईबापू उठले. पहिल्याच सणाला, उपाशीपोटी! ते चालत गेले. तेही आले नाहीत.

मग व्याही उठले. अंगानं भरदार, चालण्याची सवय नाही, पण उठले. जाताना त्यांनी भज्जीच्या पातेल्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरले नाही. आणि तेही गेले ते गेलेच!

कोपीजवळ आता आम्ही बायका उरलो. ज्योतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, काय झालंय नेमकं?" नेमकं काय झालंय, हे तर मलाच कळत नव्हतं! शेवटी सासूबाईंना पातेल्यांपाशी बसवलं आणि मी, ज्योती नि विहीणबाई अशी आमची वरात निघाली.

फार लांब जावं लागलं नाही. वाटेवरच गणपतआप्पांचं शेत. त्यांच्या चिंचेखाली तिघंही ओळीनं मांडी घालून बसलेले! हे, जावईबापू आणि व्याही. व्याह्यांच्या पत्रावळीवर भज्जीचा डोंगर, मिशीला आंबील.

"अरे, या या वैनी!" आप्पा ओरडले. "तुमचीच कमी व्हती!"

"घरी गेला होता का?" मी यांना विचारलं.

"निघालो व्हतो की! आप्पानं हात धरला. आजच्या दिवशी आंबिलीला नको कसं म्हणायचं?"

"आणि जावईबापू, तुम्ही?"

"मामांना बघायला आलो. आप्पा म्हणाले, ते बघा तिथं बसलेत. तुम्हीबी बसा."

व्याह्यांचं तोंड भरलेलं होतं. शेवटी घास गिळून त्यांनी बोट चाटलं आणि म्हणाले, "वा!"

माझा "वा!" होता तो! आप्पाच्या बायकोनं नेला!

वेळ अमावस्येला भर दुपारी रानवाटेनं निघालेला माणूस न जेवता पुढं सरकत नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मीच शहाणी, एकापाठोपाठ एक तिघांना त्या वाटेवर धाडलं होतं.

सगळ्यांना हाकत परत आणलं. म्हटलं, थोडं थोडं का होईना, आपलं खायला घालू. बघते तर पातेली आडवी पडलेली आणि सासूबाई पान लावत बसलेल्या.

"ढोकीच्या कारखान्याकडं जाणारी ऊसतोडीची माणसं दिसली. घेतली बोलावून. लई दुवा देऊन गेली बिचारी."

"आत्याबाई, सगळं वाढलं?"

"मग? पाव्हणं तर गावभर जेवत फिरतायत. आणि काय गं, ही पळापळ कशासाठी?"

"गॅस चालू राहिला म्हणून..."

"गॅस?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "शांते, पहाटंपास्नं सगळा सैपाक चुलीवर केला की गं आपण! गॅस पेटवलाच कुठं?"

सगळी माझ्याकडं बघायला लागली. आणि तेव्हा एक चमत्कार ध्यानात आला. पंगत बुडाली, जेवण संपलं, व्याह्यांपुढं अब्रू गेली, म्हणजे खरंच "काहीतरी" झालं होतं. आणि छाती एकदम गप्प! धडधडीला यातलं काही ठाऊकच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं जिच्या सांगण्यावरून मी घर पळवलं, तिला कशातलं काही कळत नव्हतं तर!

मी म्हणाले, "गॅसबिस काही नव्हतं. मला उगंच धडधडतं. कारण नसतंच."

आता विहीण काय म्हणते, म्हणून मी मान खाली घातली. तर विहीणबाईंनी माझा हातच धरला. "अगं बाई! तुम्हालाबी?"

"म्हंजी?"

"मागं तुळजापूरला देवीच्या रांगेत उभे होतो आणि आली की हो धडधड! ढाब्याला कुलूप लावलं का बघा म्हणून ह्यांना तिथनं माघारी पाठवलं मी."

"मग? होतं का कुलूप?"

"कुलूप कुठलं!" व्याही म्हणाले. "आमच्या ढाब्याला दारच न्हाय!"

त्यानंतर जे हसू फुटलं! विहीणबाई कडब्यावर लोळल्या. सासूबाईंनी लुगड्यात लपवलेले चार उंडे बाहेर काढले आणि पातेल्याच्या तळाच्या भज्जीबरोबर आम्हा बायकांना वाढले. पहिला घास घेतला आणि परत धडधडलं. सवयीनं मी इकडंतिकडं बघितलं, आता कुणाला धाडावं?

"आली का?" विहीणबाई हळूच म्हणाल्या. "येऊ द्या. कुठं जाऊ नका. श्वास सावकाश सोडा, मी बसलीय."

"उंडा चाव आधी," सासूबाई म्हणाल्या.

मी बसून राहिले. धडधड चढली, थोडा वेळ थांबली आणि उंडा संपायच्या आत उतरलीसुद्धा. डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. पण त्यानं उंडा दिला नव्हता ना!

तेव्हापासून आमचा करार आहे. जिला धडधडेल तिनं दुसरीला फोन करायचा. दुसरीनं कारण विचारायचं नाही, नुसतं विचारायचं, "जेवलात का?" आणि उतरेपर्यंत गप्पा मारायच्या. दोघींचे नवरे सुखात आहेत.

परवा विहीणबाईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "विहीणबाई, वर्ष होत आलं, मला एकदाबी धडधडलं न्हाय!"

"अगं बाई, छान झालं की हो!" मी मनापासून म्हणाले आणि फोन ठेवला.

आणि तेव्हापासून जीवाला घोर लागलाय. त्यांच्या वाटणीची धडधडही माझ्याकडंच निघाली नसेल ना?